साहित्याचे वऱ्हाडी

आम्हां वाशिमकरांना एका गोष्टीचा मोठा अभिमान आहे. साहित्याचे लग्न आमच्या गावी लागले! ही थाप नव्हे. दहाव्या शतकाच्या सुमारास राजशेखराने ‘काव्यमीमांसा’ लिहिली, तीत ही कथा आहे. सरस्वतीचा पुत्र काव्यपुरुष रुसून घराबाहेर पडला. त्याला वळवण्यासाठी गौरीने साहित्यविद्यावधू निर्माण केली. ती त्याच्या मागोमाग देशोदेशी हिंडली आणि अखेर विदर्भातल्या वत्सगुल्म नगरात दोघांचा गांधर्व विवाह झाला. वत्सगुल्म म्हणजेच आजचे वाशिम. गांधर्व विवाह तो. त्याला ना मांडव, ना वाजंत्री. वऱ्हाडातल्या या लग्नाला वऱ्हाडीच नव्हते! ती उणीव वाचकांनी भरून काढायची असते, असे मला वाटते. ते आले नाहीत तर काय होते, याची साक्षही याच गावात आहे.

चौथ्या शतकात वत्सगुल्माच्या गादीवर वाकाटक राजा सर्वसेन होता. त्याने महाराष्ट्री प्राकृतात, म्हणजे आपल्या मराठीच्या आजीच्या भाषेत, ‘हरिविजय’ नावाचे काव्य रचले. कृष्णाने सत्यभामेसाठी पारिजात आणला, ती कथा त्यात होती. आनंदवर्धनासारख्या काश्मिरी पंडिताने त्याची दखल घेतली. परंतु आज त्या काव्याची एकही पोथी उपलब्ध नाही. भोजासारख्या ग्रंथकारांनी उदाहरणादाखल जे श्लोक उतरवून घेतले, तेवढेच उरले. याच सर्वसेनाच्या मुलाचा ताम्रपट मात्र 1939 साली वाशिमला सापडला. दानपत्र टिकले, कारण ते तांब्यावर होते. काव्य तांब्यावर कोण कोरतो? ते पुन्हापुन्हा उतरवून घ्यावे लागते, आणि उतरवणारा हात थांबला की काव्यही थांबते.

आता दुसरी बाजू पाहा. आमच्याच जिल्ह्यातल्या कारंजा गावी जैन मंदिरांतून पोथ्यांची भांडारे आहेत. पिढ्यान्‌पिढ्या भट्टारकांनी आणि श्रावकांनी त्या पोथ्या जपल्या. रायबहादूर हिरालाल यांच्या 1926 सालच्या सूचीने त्यांची ओळख बाहेरच्या जगाला झाली. पुढे कारंज्याच्याच नावाने ग्रंथमाला निघाली. पुष्पदंत या दहाव्या शतकातल्या अपभ्रंश कवीचे ‘जसहरचरिउ’ 1931 साली प. ल. वैद्य यांनी, आणि ‘णायकुमारचरिउ’ 1933 साली हिरालाल जैन यांनी संपादून छापले. राजाचे काव्य हरवले. आणि पोथी फडक्यात बांधून ठेवणाऱ्या साध्या माणसांमुळे दुसऱ्या कवीचे काव्य सुमारे हजार वर्षांनी छापखान्यात पोचले!

हे सारे मला आठवते ते जुना अंक वाचताना. ‘सत्यकथा’ 1933 साली निघाली आणि 1982 साली बंद पडली. तिचा एखादा सुटा अंक हाती आला की मी तो मुखपृष्ठापासून जाहिरातींपर्यंत वाचतो. नामवंतांच्या कथा-कविता पुढे संग्रहांत गेल्या; त्या कोठेही मिळतील. पण त्यांच्या शेजारच्या पानावर ज्याची कविता आहे आणि ज्याचे नाव पुन्हा कधी कानी आले नाही, तो कवी फक्त त्या अंकातच जिवंत आहे. एखाद्या खेड्यातल्या मास्तराने रात्री कंदिलापाशी बसून ती लिहिली असेल. तो अंक रद्दीत गेला की त्याचा ‘हरिविजय’ झाला म्हणायचे! आणि त्याचे श्लोक उतरवून ठेवायला भोजही नाही.

काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 1909 साली ‘मनोरंजन’ मासिकाचा दिवाळी अंक काढला आणि मराठी घरांत फराळाच्या ताटाशेजारी वाचनाचे ताट मांडले गेले. ती पंगत अजून उठलेली नाही. पण दरसाल दिवाळीची साफसफाई निघते, आणि गेल्या वर्षीचे अंक काट्यावर चढतात. रद्दीवाल्याचा त्यात काय दोष? तो वजन करतो. वाचायचे काम आपले.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. घरात आलेल्या अंकांपैकी निदान एक दरसाल ठेवावा. पहिल्या पानावर वर्ष घालावे, घरात तो कोणकोणी वाचला त्यांची नावे लिहावीत, आणि जागा पुरेनाशी झाली की ते अंक गावच्या ग्रंथालयात किंवा शाळेत नेऊन द्यावेत. खर्च काहीच नाही. कारंज्याच्या लोकांनी याहून अधिक काय केले होते?