सुवर्णदुर्गावरील मुक्काम

हर्णैच्या किनाऱ्यावरून पाहिले असता सुवर्णदुर्ग हाकेच्या अंतरावर आहे असा भास होतो. होडीतून वाळूत उतरावे, उंबऱ्याशी कोरलेले कासव व भिंतीतील मारुती पाहावा, तटावरून एक फेरी मारावी, तोच नावाडी भरतीचा हिशेब करून हाका मारू लागतो. आपला मुक्काम तासा-दोन तासांचा. परंतु ज्यांची बिऱ्हाडेच या बेटावर होती, त्यांचा विचार आपल्या इतिहासग्रंथांत क्वचितच आढळतो.

बेटावर पाण्याची सोय आहे; पण दाणागोटा, सरपण, घरे शाकारण्याचे गवत हे सर्व होड्यांतूनच येणार. किनाऱ्यावरील कनकदुर्ग, फत्तेगड व गोवा हे तीन कोट या वाटेचेच राखणदार होत.

१७५५ साली तुळाजी आंग्र्याचे पारिपत्य करण्याकरिता नानासाहेब पेशव्यांनी इंग्रजांशी हातमिळवणी केली. (आपल्याच आरमारावर परक्यांच्या तोफा आणविण्याचे हे शहाणपण मला तरी कधी उमगलेले नाही.) कमोडोर जेम्स २ एप्रिलला ‘प्रोटेक्टर’ हे ४४ तोफांचे जहाज घेऊन चालून आला. इंग्रज इतिहासकार ऑर्म सांगतो की, पश्चिमेकडील कातळात खोदलेल्या तटापुढे त्याचे काही चालेना. तेव्हा दुसरे दिवशी त्याने जहाज बेट व किनारा यांमधील पट्ट्यात आणले. म्हणजे ज्या वाटेने किल्ल्यास अन्न मिळे, त्याच वाटेने तोफा आल्या! ईशान्येचा बुरूज ढासळला. एक गोळा गवताने शाकारलेल्या घरावर पडला. चैत्रातले वाळलेले गवत ते, आग भडकत जाऊन दारूचे कोठार उडाले. पुरुष, बायका, मुले मिळून सुमारे हजार माणसे सात-आठ मोठ्या होड्यांत बसून गोवा कोटाकडे निघाली, ती वाटेतच पकडली गेली.

पुढे किल्ला पेशव्यांस व बाणकोट इंग्रजांस मिळाले. जेम्स १७८३ साली वारला. त्याच्या विधवेने १७८४ साली लंडनजवळ शूटर्स हिल या टेकडीवर या विजयाचे स्मारक म्हणून तिकोनी मनोरा उभारला. तो ‘सेव्हर्नड्रूग’ या नावाने अद्याप उभा आहे. इकडे २०२५ साली युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांस जागतिक वारसा ठरविले, त्यांत सुवर्णदुर्गही आला.

होड्यांतील त्या हजार जणांपैकी एकाचेही नाव ऑर्मने दिलेले नाही. नावाडी आपणांस परत आणतो तो याच पट्ट्यातून, डावे-उजवे काही न सांगता, भरती चढण्याच्या आत.