तलवार, दुष्काळ व मरी : लितानीच्या इतिहासातील काही पाने

युद्धाची बातमी येते, किंवा पावसाची नक्षत्रे एकामागून एक कोरडी जातात, तेव्हा रविवारच्या उपासनेत राष्ट्रासाठी प्रार्थना चालविण्याचे काम पाळकाकडे अथवा उपदेशकाकडे येते. समोर बसलेल्यांत एखाद्या आईचा मुलगा सरहद्दीवर असतो. बेळगावसारख्या लष्करी केंद्राच्या गावी अशी घरे थोडी नसतात. कोणाचे बियाणे मातीतच करपून गेलेले असते. अशा वेळी देवाजवळ काय मागावे? विजय मागावा की शांती? शत्रूसाठी प्रार्थना करावी, तर त्या आईला काय वाटेल? आणि न करावी, तर प्रभूच्या आज्ञेचे काय? १९६२, १९६५ आणि १९७१ या वर्षांत आमच्या मंडळ्यांपुढे हा प्रश्न उभा राहिला होता. १९७२ च्या दुष्काळात तो दुसऱ्या रूपाने आला. ज्याला जसे सुचले तसे त्याने निभावून नेले.

मंडळीच्या इतिहासात या प्रश्नाची उत्तरे ग्रंथांपेक्षा प्रार्थनांतच अधिक सापडतात, आणि त्या प्रार्थनांत लितानीचे स्थान मोठे आहे. लितानी या मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ विनवणी. पुढाऱ्याने एकेक विनंती उच्चारावी आणि लोकांनी तोच तो प्रतिसाद पुनःपुन्हा द्यावा, अशी तिची रचना असते. गोव्यात घरोघरी आणि क्रुसापुढे म्हटली जाणारी लादाइन ही त्याच कुळातली. आज ती सणासुदीच्या सवयीची झाली असली, तरी या प्रार्थनाप्रकाराची वाढ झाली ती भूकंप, मरी आणि वेढा यांच्या छायेत. तो इतिहास येथे थोडक्यात पाहण्याचा आमचा हेतू आहे.

इ. स. ४७० च्या सुमारास आजच्या फ्रान्समधील व्हिएन या गावी (ऑस्ट्रियाची राजधानी व्हिएन्ना ती वेगळी) मामर्तुस नावाचा बिशप होता. पश्चिमेकडील रोमी साम्राज्य मोडकळीस आले होते. गावाला भूकंपाचे धक्के बसत होते, आगी लागत होत्या, रानातली हरणे भर वस्तीत शिरत होती आणि लोक ते अशुभ चिन्ह मानीत होते. पुनरुत्थानाच्या सणाच्या रात्री जागरणाची उपासना चालू असतानाच गावाच्या उंच भागातील एका सार्वजनिक इमारतीला आग लागली. लोक आपापली घरे वाचविण्यास धावले. बिशप मात्र वेदीपुढेच रडत राहिला. त्याच रात्री त्याने मनाशी ठरविले, की स्वर्गारोहणाच्या सणापूर्वीचे तीन दिवस उपवास, पापकबुली आणि विनवणी करीत सर्व मंडळीने मिरवणुकीने चालावे. पुढे त्याच गावी बिशप झालेल्या अविटस याने हा वृत्तान्त एका प्रवचनात सांगितला आहे. लोक येतील की नाही याची मामर्तुसला शंका होती, म्हणून पहिल्या दिवशी तटाबाहेरच्या सर्वांत जवळच्या मंदिरापर्यंतच जावयाचे ठरले. पण लोक इतक्या उत्साहाने आले की ते अंतर फारच थोडे वाटले. उपासनेला लोक येतील की नाही ही चिंता काही आजच्या पाळकाचीच नव्हे, हे वाचून आम्हांस जरा दिलासा वाटला.

या याचना-दिवसांचे महत्त्व ज्याने सर्वांत नेमके ओळखले, तो शेजारच्या क्लेरमाँचा बिशप सिडोनियस अपोलिनारिस. त्याची पत्रे उपलब्ध आहेत. एका पत्रात तो मोकळेपणाने कबूल करतो, की पूर्वीही सार्वजनिक प्रार्थना होत असत, पण त्या ढिल्या, कोमट आणि क्वचितच होत. मध्येच जेवणाने त्यांत खंड पडे, आणि त्यांतले मागणे बहुतेक पावसाचे किंवा उघडिपीचे असे. त्यामुळे कुंभार आणि माळी यांना एकत्र प्रार्थना करणे अवघडच होते, असे तो थट्टेने म्हणतो. कुंभाराला कच्ची भांडी सुकण्यासाठी ऊन हवे, माळ्याला वाफ्यासाठी पाऊस हवा. या दोघांनी एका बाकावर बसून ‘आमेन’ कशाला म्हणावे? मामर्तुसने जे केले ते हे, की मागण्याआधी कबुली ठेवली. आपल्या पापांसाठी रडताना कुंभार व माळी यांचे हितसंबंध आड येत नाहीत.

युद्धातील दोन राष्ट्रे म्हणजे याच कुंभार आणि माळ्याची मोठी आवृत्ती होय. १८६१ ते १८६५ या काळातील अमेरिकेच्या यादवी युद्धात उत्तरेचे अध्यक्ष लिंकन आणि दक्षिणेचे अध्यक्ष जेफर्सन डेव्हिस या दोघांनीही आपापल्या बाजूस उपवास व प्रार्थनेचे दिवस जाहीर केले होते. दोन्ही पक्ष एकच बायबल वाचतात, एकाच देवाची प्रार्थना करतात, आणि दोघांच्याही प्रार्थना मान्य होणे शक्य नाही, ही गोष्ट लिंकन यांनी ४ मार्च १८६५ च्या भाषणात सर्वांसमक्ष मांडली. विजय दृष्टिपथात आलेला असताना एखाद्या राज्यकर्त्याने असे बोलावे, हे विरळाच.

आता पुन्हा सिडोनियसकडे वळू. मामर्तुसला लिहिलेल्या पत्राचा आरंभच गॉथ सैन्य निघाल्याच्या वार्तेने होतो. तटाच्या जळक्या, पडक्या भिंतींवर आपला भरवसा नाही. तुमच्याकडून घेतलेल्या या याचना-दिवसांचाच आम्हांला आधार आहे, अशा आशयाचे तो लिहितो. क्लेरमाँने वेढे सोसले, लोकांनी उपवास केले, मिरवणुकी काढल्या. आणि इ. स. ४७५ मध्ये सम्राटाने तहात ते गाव गॉथ राजाला देऊन टाकले! ज्या रोमसाठी त्यांनी उपासमार सोसली, त्या रोमनेच त्यांना सोडून दिले. सिडोनियस बंदिवासात गेला. पुढे सुटून तो आपल्या मंडळीकडे परतला आणि परक्या राजवटीखाली तिची सेवा करीत राहिला. प्रार्थनेचा इतिहास सांगताना फळास आलेल्या प्रार्थनाच तेवढ्या सांगण्याची आपल्याकडे प्रथा आहे, म्हणून हे प्रकरण मुद्दाम नमूद करतो. शहर गेले, तरी प्रथा टिकली. इ. स. ५११ मध्ये ऑर्लेआंच्या धर्मसभेने हे तीन दिवस सर्वत्र पाळावेत असे ठरविले, आणि त्याबरोबरच दासदासींना त्या दिवसांत सर्व कामांतून मोकळीक द्यावी असाही नियम केला. मालकाने प्रार्थना करावी आणि त्याचा गुलाम मात्र शेतात राबावा, हे त्या सभेला चालणारे नव्हते.

रोममधील प्रसंग याहून भीषण आहे. इ. स. ५८९ च्या अखेरीस टायबर नदीला महापूर आला, पाठोपाठ मरी आली. लोंबार्ड टोळ्यांचा धोका तर होताच. ५९० च्या आरंभी पोप पेलागियस मरीने दगावला. त्याच्या जागी निवडला गेलेला ग्रेगरी अद्याप अभिषिक्तही झालेला नव्हता. त्याने सप्तविध लितानीची योजना केली: धर्मगुरू, मठवासी, जोगिणी, मुले, गृहस्थ, विधवा आणि विवाहित स्त्रिया, अशा सात मिरवणुका सात मंदिरांतून निघून पवित्र मरीयेच्या मंदिरात एकत्र आल्या. तूरच्या ग्रेगरीने एका प्रत्यक्षदर्शी डीकनच्या हवाल्याने लिहून ठेवले आहे, की एका तासाच्या अवधीत ऐंशी माणसे चालता चालता कोसळून मेली, तरी प्रार्थना थांबली नाही. देवदूताने आपली तलवार म्यान केल्याची सुंदर आख्यायिका पुढच्या काळात जोडली गेली. आम्हांस मात्र ते ऐंशी मृतदेह ओलांडून पुढे जाणारे लोक अधिक बोलके वाटतात.

मध्ययुगाच्या अखेरीस लितानी संतांच्या नावांच्या लांबलचक यादीने भरून गेली होती, आणि लॅटिन न समजणारे लोक ती नुसती ऐकत असत. १५२९ च्या आरंभी मार्टिन लूथरने ती जर्मन भाषेत आणली. ऑटोमन सुलतानाच्या स्वारीचे भय तेव्हा मध्य युरोपभर पसरले होते. त्याच वर्षाच्या शरद ऋतूत व्हिएन्नाला वेढा पडला. या युद्धासंबंधी लूथरने जे लिहिले ते वाचण्यासारखे आहे. बादशहाने आपल्या प्रजेचे रक्षण जरूर करावे, ते त्याचे कर्तव्यच आहे. पण तो ख्रिस्ती जगताचा मस्तक किंवा शुभवर्तमानाचा संरक्षक नव्हे, आणि हे धर्मयुद्ध नव्हे. ख्रिस्ती माणसाने आधी पश्चात्ताप व प्रार्थना ही शस्त्रे उचलावीत. लूथरच्या लितानीत युद्ध व रक्तपात यांपासून सुटका मागितली आहे, तसेच शत्रू, छळणारे व निंदक यांना क्षमा करून त्यांचे मन वळवावे अशीही विनंती आहे. त्याच लूथरच्या लेखणीतून विरोधकांविषयी किती कठोर शब्द उतरले, हे आपण जाणतोच. प्रार्थना लिहिताना मात्र तो स्वतःहून मोठा झाला, असे म्हणावेसे वाटते.

ही विनंती तेथून थेट इंग्लंडात गेली, आणि तिचा तेथील प्रवेश इतका विलक्षण परिस्थितीत झाला की त्याकडे थोडे थांबून पाहिले पाहिजे. १५४४ साली आठवा हेन्री फ्रान्स आणि स्कॉटलंड या दोहोंशी युद्धास प्रवृत्त झाला होता. त्याला राज्यभर प्रार्थना हव्या होत्या. पण लोक मिरवणुकीला यावयास टाळाटाळ करीत, आणि आपल्याला त्या प्रार्थनांतले काहीच कळत नाही हे त्याचे एक कारण होते. हे खुद्द राजाच्याच पत्रात नमूद आहे. तेव्हा आर्चबिशप क्रॅन्मरने इंग्रजीत लितानी रचली. ती २७ मे १५४४ रोजी प्रसिद्ध झाली. इंग्रजी भाषेतील पहिली अधिकृत उपासना ती हीच. लोकभाषेला उपासनेत जागा मिळाली ती युद्धाच्या निकडीने, हे मराठीत उपासना करणाऱ्या आम्हांस विसरता येत नाही.

या लितानीत राजासाठी विनंती आहे, की देवाने त्याचे रक्षण करावे आणि त्याला त्याच्या सर्व शत्रूंवर विजय द्यावा. पुढे काही ओळींनंतर विनंती येते, की आमच्या शत्रूंना, छळणाऱ्यांना व निंदकांना क्षमा करावी आणि त्यांची अंतःकरणे वळवावीत. दोन्हींना लोकांचा प्रतिसाद एकच: हे प्रभू, आमचे ऐक. ती छापून निघाली त्याच मे महिन्यात इंग्रज सैन्याने एडिंबरो जाळले होते. सप्टेंबरात बुलोन काबीज झाले, आणि १५५० मध्ये ते फ्रान्सला परतही करावे लागले. क्रॅन्मरने या दोन विनंत्यांमध्ये मेळ घालण्याचा प्रयत्न केलेला दिसत नाही. त्याने त्या एकापुढे एक ठेवल्या, एवढेच. राजाच्या आज्ञेने लिहिणाऱ्याला कदाचित इतकेच करता येण्यासारखे होते. आणि तेही थोडे नव्हे, कारण ज्याने पहिल्या विनंतीला होकार दिला त्याला दुसरीलाही द्यावा लागे. याच लितानीत रोमच्या बिशपाच्या जुलमापासून सुटका मागणारी एक कटू ओळही घुसली होती. १५५९ च्या पुस्तकात ती गाळण्यात आली. शत्रूंना क्षमा मागणारी ओळ कोणीही गाळली नाही.

हीच लितानी पुढे प्रार्थनापुस्तकाबरोबर मराठीत आली. अँग्लिकन मंडळ्यांतील आमच्या वाडवडिलांनी ती दूरच्या राजाच्या किंवा राणीच्या नावाने म्हटली. त्या राजाचे शत्रू कोण हे ठरविण्याचा अधिकार त्यांना नव्हता. आपल्या शत्रूंना क्षमा करण्याचा मात्र होता.

विजय मागण्याचे नाकारले तर काय होते, याचे उदाहरण आपल्याला विसाव्या शतकातील जर्मनीत सापडते. सप्टेंबर १९३८ मध्ये हिटलरने चेकोस्लोव्हाकियाच्या सुदेतन प्रदेशावर हक्क सांगितला आणि युद्ध दाराशी आले. ‘कन्फेसिंग चर्च’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या, सरकारी दडपणाला विरोध करणाऱ्या मंडळीच्या हंगामी नेतृत्वाने २७ सप्टेंबर रोजी एका प्रार्थना-उपासनेचा मसुदा पाठविला. ती ३० सप्टेंबरला व्हावयाची होती. तिच्यात मंडळीच्या आणि राष्ट्राच्या पापांची कबुली होती, युद्ध टळावे म्हणून याचना होती. विजयाची मागणी नव्हती. म्हणजे मामर्तुसचीच रीत. ३० तारखेच्या पहाटे म्युनिकचा करार झाला आणि ती उपासना झालीच नाही. पण मसुदा एस. एस. संघटनेच्या साप्ताहिकाच्या हाती लागला. त्याने तो राष्ट्रद्रोह ठरविला. धर्मखात्याच्या मंत्र्याने बिशपांना बोलावून घेतले, आणि हानोव्हर, बव्हेरिया, व्युर्टेम्बर्ग व बाडेन येथील चार बिशपांनी २९ ऑक्टोबर १९३८ रोजी त्या प्रार्थनेचा निषेध करणाऱ्या निवेदनावर सह्या केल्या. या चौघांवर येथे बसून दगड टाकण्याचे आमच्या मनात नाही. आपापल्या मंडळ्या वाचविण्याचे ओझे त्यांच्यावर होते. मसुदा काढणाऱ्यांचे वेतन बंद झाले.

अकरा महिन्यांनी युद्ध खरोखरच सुरू झाले. २ सप्टेंबर १९३९ रोजी जर्मन इव्हँजेलिकल चर्चच्या अधिकृत नेतृत्वाने मंडळ्यांना आवाहन केले. त्यात फ्युररसाठी, राष्ट्रासाठी व सैन्यासाठी मध्यस्थीची प्रार्थना करावी असे सांगितले होते. आदल्या वर्षीचा मसुदा तेव्हा कोणाच्या तरी मेजाच्या खणात पडून होता.