बापाच्या गावावरून

मराठवाड्यात पोलीस ॲक्शनचा, म्हणजे हैदराबाद संस्थानावरच्या भारतीय लष्करी कारवाईचा, इतिहास 17 सप्टेंबर 1948 या तारखेला संपतो. औरंगाबाद 14 तारखेला शरण आले, जालन्यात मात्र हैदराबादी फौजेने भारतीय तुकड्यांना चिवट विरोध केला. पाठोपाठ लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजचे अंबाजोगाई, ताब्यात आले. 17 ला निजामाने शस्त्रे खाली ठेवल्याचे जाहीर केले आणि 18 ला हैदराबादी सैन्याचा सेनापती मेजर जनरल एल इद्रूस मेजर जनरल जयंतनाथ चौधरींसमोर शरण आला. शाळेतले पुस्तक, स्मारकावरची पाटी आणि दरवर्षीचे भाषण इथे थांबते. पुढे जे घडले त्यातला एक भाग असा, की संस्थानात राहणाऱ्या अरब आणि पठाण लोकांना नव्या सरकारने धरले, छावण्यांत स्थानबद्ध केले आणि बायकामुलांसह देशाबाहेर पाठवायचे ठरवले. हा बेत शेवटी फसला. तरी त्यातून कितीतरी माणसे अशी उरली, ज्यांना कोणताच देश आपले म्हणेना. जालना, परभणी, बीड, नांदेड या पट्ट्यात चाऊस हे अरब आडनाव सर्वांच्या ओळखीचे आहे, पण या आडनावाच्या घरांवर त्या काळात कोणती वेळ आली हे शेजाऱ्यालाही ठाऊक नसते. माझे म्हणणे असे आहे, की ही स्थानबद्धता निजामधार्जिण्या रझाकारांच्या अत्याचारांची शिक्षा नव्हती. शिक्षेसाठी गुन्हा लागतो, आणि इथे पाहिले गेले ते जन्माचे गाव. शिवाय ज्या महिन्यांत हे चालले होते, त्याच महिन्यांत दिल्लीत नागरिकत्वाची जी व्याख्या लिहिली जात होती, तिच्या कसोटीवर यातले बहुसंख्य लोक भारतीय ठरत होते.

हे लोक इथे कालपरवा आले नव्हते. अरबस्तानाच्या दक्षिण किनाऱ्यालगतचा हद्रमौत हा कोरडा, उपाशी मुलुख; तिथले तरुण पिढ्यान् पिढ्या पोटासाठी जावा, पूर्व आफ्रिका आणि दख्खन गाठत. दख्खनमध्ये त्यांचे भांडवल म्हणजे बंदूक आणि इमान. अठराव्या शतकाच्या अखेरीस मराठी फौजांमध्ये अरब पायदळाला मोठी मागणी होती. 1803 च्या ऑगस्टमध्ये अहमदनगरची पेठ इंग्रज सेनानी वेलस्लीविरुद्ध लढवणाऱ्यांत अरब होते. त्याच मोहिमेत 2 सप्टेंबरला कर्नल स्टीव्हन्सनने जालन्याचा किल्ला घेतला आणि 23 सप्टेंबरला आजच्या भोकरदन तालुक्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांचा पराभव झाला. कोरेगावच्या लढाईत पेशव्यांकडून अरब लढले. 1818 च्या उन्हाळ्यात मालेगावचा किल्ला अरबांनी आठवडेच्या आठवडे झुंजवला, आणि जूनमध्ये ते शरण आल्यावर कंपनी सरकारने त्यांना सुरतेकडे नेऊन मायदेशी धाडण्याची व्यवस्था केली. जानेवारी 1819 मध्ये आजच्या हदगाव तालुक्यातल्या नव्ह्याच्या गढीत नौसाजी नाईक हटकराच्या बाजूने लढणारी शिबंदीही मुख्यतः अरबांची होती. म्हणजे अरबांना जहाजात बसवून परत पाठवण्याची कल्पना 1948 मध्ये नव्याने सुचलेली नव्हती. तिच्या आधीची आवृत्ती एकशे तीस वर्षे जुनी आणि परक्या कंपनीची होती. पेशवाई आणि नागपूरकरांची सत्ता गेल्यावर दख्खनमध्ये या शिपायांना एकच मोठे दार उघडे राहिले, ते निजामाचे. तिथे त्यांच्या जमादारांनी इतकी संपत्ती जमवली, की हद्रमौतच्या किनाऱ्यावरचे शिहर आणि मुकल्ला ताब्यात घेणारे कुऐती सुलतान मुळात हैदराबादचेच जमादार होते. पहिल्या सालारजंगाने अरबांची सत्ता आवरली, त्यांच्या दाव्यांना न्यायालयाची वेसण घातली. तरी खजिन्यावर, गढीवर, देवडीवर पहारा अरबाचाच राहिला.

या पहाऱ्याची दुसरी बाजू लपवता येणार नाही, आणि माझ्या म्हणण्याविरुद्धचा पहिला आक्षेप तिथूनच येतो. गावातल्या कुळाला आणि कर्जदाराला अरब आणि रोहिला पठाण कोणत्या रूपात दिसला? जहागीरदाराच्या वसुलीला आलेला, नाहीतर स्वतःच जबर व्याजाने पैसे देऊन दारात ठाण मांडून बसलेला. ही आठवण खरी आहे आणि तिच्यामागे सोसलेले दुःखही खरे आहे. 1947-48 मध्ये तिच्यात रझाकारांची भर पडली. गोरट्यासारख्या गावात माणसे कापली गेली, सरहद्दीवरची खेडी जळाली, हजारो कुटुंबे घरदार सोडून सोलापूर, वऱ्हाड, खानदेशाकडे निघून गेली. जालन्याच्या जनार्दनमामा नागापूरकरांसारख्या कार्यकर्त्यांचे हौतात्म्य निजामाविरुद्धच्या याच मुक्तिसंग्रामातले. ज्यांनी हे भोगले, त्यांना सप्टेंबरनंतर अरब-पठाणांच्या धरपकडीबद्दल हळहळ वाटली नसेल तर त्यांना दोष देण्याचा अधिकार मला नाही. प्रश्न त्यांच्या भावनेचा नाही, राज्यसंस्थेच्या वागण्याचा आहे. जुलमी वसुली करणारा अरब दोषी होताच, पण वसुली ज्याच्या नावाने होई तो जहागीरदार बहुधा अरब नव्हता. रझाकार संघटनेचा म्होरक्या कासिम रझवी लातूरचा वकील होता, तोही हद्रमौतहून आलेला नव्हता. मग रझवीचे काय झाले ते पाहावे. त्याच्यावर खास न्यायासनापुढे खटला चालला, आरोप ठेवले गेले, शिक्षा झाली, काही काळ तो येरवड्याच्या तुरुंगात होता आणि 1957 मध्ये सुटून पाकिस्तानात गेला. जे योग्य होते तेच सरकारने त्याच्याबाबतीत केले. आणि ज्या निजामाच्या चाकरीत हे अरब पिढ्यान् पिढ्या होते, तो मीर उस्मान अली खान 26 जानेवारी 1950 पासून भारतीय संघराज्यातल्या हैदराबाद राज्याचा राजप्रमुख झाला. म्हणजे म्होरक्याला खटला मिळाला, मालकाला पद मिळाले आणि पहारेकऱ्याला छावणी. सुरक्षेचा निकष लावला होता असे म्हणावे, तर हा क्रम त्या निकषाने समजावून सांगता येत नाही.

कोणी म्हणेल, तो गोंधळाचा काळ होता, नुकतीच फाळणी झालेली, राज्य लष्करी अमलाखाली, कोण शस्त्र लपवून बसला आहे ते कळायला मार्ग नाही. अशा वेळी संशयितांना काही दिवस एका जागी ठेवणे कोणत्याही सरकारला भाग असते. काही दिवसांसाठी हे मान्य करता येईल. ॲक्शननंतर धरलेल्यांत रझाकार होते, कम्युनिस्ट होते, हिंदू टोळ्यांतले लोकही होते, आणि कित्येकांना स्थानिक वैरातून, कुणीतरी बोट दाखवले म्हणून धरले गेले. पण बाकीच्यांबाबत सरकार पुढे चौकशी करून सोडायचे की खटला भरायचा हे ठरवणार होते. अरब आणि पठाणांबाबत चौकशीचा विषयच वेगळा होता. त्याने काय केले यापेक्षा त्याला कुठे पाठवता येईल, हे शोधले जात होते. आणि ते सापडेना. हद्रमौत एडनच्या संरक्षित प्रदेशात, म्हणजे ब्रिटिशांच्या अधिकारात होता. तिथे 1943-44 मध्ये भीषण दुष्काळ पडून गेला होता आणि 1948-49 मध्ये तो पुन्हा पडला. जावा आणि हैदराबादेतून घरी जाणारा पैसा आटल्यामुळे त्या दुष्काळाची धार आणखी वाढलेली. अशा भुकेल्या मुलखात हजारो माणसे परत आणून सोडायची, हा प्रस्ताव कोणाला रुचणार? पठाणांचा मूळ मुलुख काही अफगाणिस्तानात, तर काही फाळणीनंतर पाकिस्तानात गेलेला. राजकीय अडचण आणि कायद्याची अडचण अशा दोन्ही खडकांवर ही योजना फुटली. काही जण गेले, बाकीचे राहिले. राहिलेल्यांतले अनेक कागदोपत्री कुठल्याच राष्ट्राचे उरले नाहीत, आणि पुढची काही वर्षे आपण नेमके कोण आहोत हे वेगवेगळ्या कचेऱ्यांत वेगवेगळ्या शब्दांत सांगत, आपली जागा स्वतःच तयार करत राहिले.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: हे लोक परदेशी होते, आणि परदेशी माणसाला देशात ठेवायचे की नाही हे ठरवण्याचा हक्क प्रत्येक सरकारला असतो. 1946 चा परकीय नागरिक कायदा हाताशी होताच. या आक्षेपाला उत्तर भावनेने देता येणार नाही, कायद्यानेच दिले पाहिजे. भारत सरकारने हैदराबादमधल्या कारवाईला युद्ध म्हटले नाही, पोलीस ॲक्शन म्हटले. हैदराबाद हा परका देश नाही, ते भारताचेच अंग आहे, ही भूमिका त्या शब्दांमागे होती आणि ती बरोबर होती. पण भूमीबद्दल जी भूमिका घेतली, ती त्या भूमीवर राहणाऱ्यांनाही लागू पडते. संस्थानात मुलकी आणि गैरमुलकी हा भेद कडक होता, आणि पंधरा वर्षांच्या कायम वास्तव्याने माणूस मुलकी ठरू शके. जालन्याच्या अरब घराने ही मुदत कितीतरी वेळा भरलेली होती. त्याहून मोठा पुरावा आपल्या घटनेतच आहे. नागरिकत्वाचे पाचवे कलम 26 नोव्हेंबर 1949 लाच अमलात आले. या भूमीवर ज्याचे कायमचे घर आहे, आणि जो स्वतः इथे जन्मला, किंवा ज्याच्या आईबापांपैकी एक जण इथे जन्मला, किंवा जो आधीची किमान पाच वर्षे इथे राहिला, तो भारताचा नागरिक, असे ते कलम सांगते. हद्रमौतहून येणारा तरुण बहुधा एकटा येई आणि लग्न इथल्या मुलीशी करी. मुलांची बोली दख्खनी, आजोळ जवळच्या गावात. बापाकडून पाहिले तर हे मूल अरब, आईकडून पाहिले तर निखळ मराठवाड्याचे. घटनाकारांनी आईलाही बापाइतकेच मोजले होते, आणि वंशावरून अरब ठरवणाऱ्या हिशेबात ती आई कुठेच नव्हती. कालच उतरलेला शिपाई आणि चौथ्या पिढीतला चाऊस यांना एकाच यादीत बसवणे, हीच या धोरणाची मूळ चूक होती. पहिल्याबद्दल सरकारचा आक्षेप कदाचित टिकला असता, दुसऱ्याबद्दल मुळीच नाही.

या प्रकरणाला त्याच्या मापाबाहेर मोठे करण्याची गरज नाही. ॲक्शननंतरच्या हिंसेत मुसलमानांचे जे बळी गेले, त्यांच्याबद्दल पाहणीसाठी गेलेल्या सुंदरलाल समितीचा अंदाज, तोही हात राखून केलेला, 27 ते 40 हजारांचा होता. उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वांत जास्त होरपळले. त्या तुलनेत छावणीतला अरब जिवंत तरी राहिला, असे कोणी म्हणू शकेल. पण ते बळी बहुतांशी जमावाच्या आणि शिस्त सुटलेल्या हातांनी गेले, आणि स्थानबद्धता ही सहीशिक्क्याने, फायलीवर झालेली गोष्ट होती. म्हणूनच ती पुन्हा होऊ शकली. 1962 मध्ये चीनशी युद्ध पेटल्यावर आसाम, दार्जिलिंग, शिलाँगकडच्या सुमारे तीन हजार चिनी वंशाच्या लोकांना राजस्थानातल्या देवळीच्या छावणीत नेले गेले, आणि त्यासाठीच्या कायद्यात आजी-आजोबांपैकी एक जण जरी शत्रुराष्ट्राचा असला तरी पुरे, अशी तरतूद झाली. भारत या बाबतीत जगावेगळा नव्हता. अमेरिकेने 1942 मध्ये सुमारे एक लाख वीस हजार जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत कोंडले, त्यांतले दोनतृतीयांश अमेरिकेचेच नागरिक होते. फरक पुढे पडला. अमेरिकेच्या संसदेने 1988 मध्ये कायदा करून माफी मागितली आणि हयात असलेल्या प्रत्येकाला वीस हजार डॉलर दिले. देवळीबद्दल आपल्याकडे निदान पुस्तके लिहिली गेली, त्या छावणीतून गेलेल्यांनी माफीची मागणी केली. हैदराबादच्या अरबांबद्दल मराठीत साधा उल्लेखही शोधावा लागतो.

यावर शेवटचा आक्षेप असा येतो, की हे बोलल्याने मुक्तिसंग्रामाला कमीपणा येतो. स्वामी रामानंद तीर्थ आणि गोविंदभाई श्रॉफ यांनी जो लढा दिला, तो निजामाच्या प्रजेला नागरिक करण्यासाठी होता. प्रजेतल्या कोणाला नागरिक होऊ दिले नाही, ही नोंद त्या लढ्याच्या विरोधात जात नाही, त्याच्याच मोजपट्टीने ती मोजलेली आहे. 1 मे 1981 ला जालना जिल्हा झाला. औरंगाबादमधले चार तालुके आणि परभणीतला परतूर मिळून बनलेल्या या जिल्ह्यात मुक्तिसंग्रामाचा इतिहास अजूनही गावोगाव नव्याने लिहिला जातो, स्मरणिका निघतात, महाविद्यालयांत प्रबंध होतात. त्या लेखनात 18 सप्टेंबरनंतरच्या दोन-तीन वर्षांचे एक प्रकरण यायला हवे, आणि त्यात छावण्यांतून परतलेल्या चाऊस आणि पठाण घरांच्या तोंडून आलेली हकिगत हवी. त्या वेळी दहा वर्षांची असलेली मुले आज नव्वदीकडे झुकली आहेत. जालना, अंबड, परतूर इथल्या इतिहासाच्या शिक्षकांनी आणि विद्यार्थ्यांनी त्यांच्याकडे या वर्षीच जावे.