ब्रेकिंग (नृत्यप्रकार)

ब्रेकिंग हा हिप-हॉप संस्कृतीतील आद्य नृत्यप्रकार असून त्याचा उगम १९७० च्या दशकात न्यू यॉर्क शहराच्या ब्राँक्स भागात झाला. प्रसारमाध्यमांनी रूढ केलेले ‘ब्रेकडान्स’ हे नाव अधिक परिचित असले, तरी जाणकार नर्तक ‘ब्रेकिंग’ हाच शब्द पसंत करतात. नर्तकाला बी-बॉय व नर्तकीला बी-गर्ल म्हणतात. आरंभीच्या काळात शाळा, अभ्यासक्रम वा लिखित संहिता नसतानाही हे नृत्य टिकले, ते प्रामुख्याने एका पिढीने दुसरीला प्रत्यक्ष करून दाखविल्यामुळे.

उगम

जमैकात जन्मलेल्या क्लाइव्ह कॅम्पबेल ऊर्फ डीजे कूल हर्क यांनी ११ ऑगस्ट १९७३ रोजी ब्राँक्समधील १५२०, सेजविक ॲव्हेन्यू या इमारतीत बहिणीच्या कार्यक्रमासाठी संगीत वाजविले. हिप-हॉपचा प्रारंभ सामान्यतः या तारखेपासून मानला जातो. गाणे थांबून केवळ तालवाद्ये वाजतात त्या ‘ब्रेक’ नावाच्या तुकड्यावर नर्तक विशेष रंगतात, हे हर्क यांनी हेरले होते. एकाच ध्वनिमुद्रिकेच्या दोन प्रती दोन तबकड्यांवर आलटून पालटून वाजवून ते हा तुकडा लांबवीत. त्यावर नाचणारे ते बी-बॉय. या काळात ब्राँक्समध्ये बेकारी, जळालेल्या इमारती व टोळीयुद्धे यांचे सावट होते. हातघाईऐवजी नृत्यातून चढाओढ करण्याच्या प्रथेला त्यामुळे सामाजिक महत्त्व प्राप्त झाले.

स्वरूप

ब्रेकिंगची चार प्रमुख अंगे मानली जातात. उभ्याने केलेल्या पदन्यासाला ‘टॉपरॉक’, तर हात जमिनीवर टेकवून केलेल्या पदन्यासाला ‘डाउनरॉक’ किंवा ‘फुटवर्क’ म्हणतात. ‘पॉवर मूव्ह’मध्ये पाठ, खांदे, हात किंवा डोके यांच्या आधारे गिरक्या घेतल्या जातात. एखाद्या अवघड स्थितीत तालावर अचानक स्थिर होणे म्हणजे ‘फ्रीज’.

नर्तक ज्या वर्तुळाभोवती जमतात त्यास ‘सायफर’ म्हणतात. वर्तुळात एका वेळी एकच जण उतरतो व इतर पाहतात. नवशिक्याचे शिक्षण येथेच होते. दुसऱ्याच्या हालचाली जशाच्या तशा उचलणे मात्र निंद्य समजले जाते. ज्येष्ठांकडून पाया घ्यावा, पण त्यावर स्वतःची शैली उभारावी, असा अलिखित दंडक आहे.

पिढ्यांची परंपरा

१९७० च्या दशकाच्या अखेरीस पहिल्या पिढीतील अनेक आफ्रिकी-अमेरिकी नर्तकांनी ब्रेकिंग सोडून नव्या नृत्यांकडे मोर्चा वळविला. त्या वेळी प्वेर्तो रिकन वंशाच्या किशोरांनी ते उचलून धरले. १९७७ मध्ये स्थापन झालेल्या रॉक स्टेडी क्रू या गटाला क्रेझी लेग्ज व केन स्विफ्ट या तरुण नर्तकांमुळे नवे रूप मिळाले. ‘फ्लॅशडान्स’ (१९८३) व ‘बीट स्ट्रीट’ (१९८४) या चित्रपटांनी हे नृत्य जगभर पोहोचविले. मात्र अतिप्रसिद्धीनंतर लवकरच अमेरिकेत त्याची लाट ओसरली.

पुढील काळात युरोप व आशियातील नर्तकांनी ब्रेकिंगची धुरा वाहिली. जर्मनीत १९९० मध्ये ‘बॅटल ऑफ द इयर’ ही स्पर्धा सुरू झाली; २००२ मध्ये ती दक्षिण कोरियाच्या एक्स्प्रेशन क्रूने जिंकली. ‘रेड बुल बीसी वन’ ही एकेरी स्पर्धा २००४ पासून भरते.

काही घरांत हे नृत्य वारशाने आले आहे. अमेरिकेचा व्हिक्टर मोंटाल्वो हा त्याचे वडील व काका यांच्याकडून ब्रेकिंग शिकला. हे जुळे भाऊ मेक्सिकोत ब्रेकिंग करीत असत.

ऑलिंपिक

ब्युनोस आयर्स येथील २०१८ च्या युवा ऑलिंपिकनंतर पॅरिस ऑलिंपिकमध्ये (२०२४) ब्रेकिंगचा समावेश झाला. ९ व १० ऑगस्ट रोजी प्लास द ला काँकॉर्द येथे सामने झाले. महिलांत जपानच्या आमीने सुवर्ण, लिथुआनियाच्या निकाने रौप्य व चीनच्या लिउ छिंगयीने कांस्यपदक मिळविले. पुरुषांत कॅनडाचा फिल विझार्ड, फ्रान्सचा डॅनी डॅन व मोंटाल्वो अनुक्रमे पहिले तीन आले. रौप्यपदक मिळविताना निका १७ वर्षांची, तर डॅनी डॅन ३६ वर्षांचा होता. जपानची आयुमी ४१ व्या वर्षी या स्पर्धेत उतरली होती.

गुण देऊन कलेचे मोजमाप करावे काय, याविषयी नर्तकांत मतभेद आहेत. क्रीडादर्जामुळे तरुणांना प्रशिक्षण व आर्थिक पाठबळ मिळते, असे एक मत आहे. सायफरमधील मोकळेपणा व रस्त्याशी असलेले नाते त्यात हरवते, असे दुसरे. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये ब्रेकिंगचा समावेश नाही.

भारतात

भारतात १९८० च्या दशकातील हिंदी चित्रपटांतून या शैलीची ओळख झाली. १९९६ मध्ये सुरू झालेल्या ‘बूगी वूगी’ या दूरचित्रवाणी कार्यक्रमाने रस्त्यावरील नर्तकांना व्यासपीठ दिले. मुंबईत धारावीतील स्लमगॉड्स या गटाने वस्तीतील मुलांना ब्रेकिंग शिकविले. सुरेश मुकुंद यांच्या नेतृत्वाखालील ‘द किंग्ज’ या मुंबईच्या हिप-हॉप नृत्यसमूहाने २०१९ मध्ये ‘वर्ल्ड ऑफ डान्स’ ही अमेरिकी दूरचित्रवाणी स्पर्धा जिंकली. या समूहाच्या आरंभीच्या वाटचालीवर ‘एबीसीडी २’ (२०१५) हा हिंदी चित्रपट आधारित आहे.