डिझेल एंजिन आणि थंडी

कडाक्याच्या थंडीत डिझेलवर चालणारी मालमोटार सुरू करून अर्धा तास उभी ठेवली, तरी तिच्या एंजिनाला म्हणावी तशी ऊब येत नाही. शेजारची पेट्रोलची मोटार तेवढ्या वेळात चांगली तापलेली असते. चालक याला एंजिनाची खोड म्हणतात. आमच्या मते ही खोड त्याच्या जन्मातच आहे. म्हणून प्रथम एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या जर्मनीकडे वळले पाहिजे.

रुडॉल्फ डिझेल हा म्यूनिक येथे कार्ल फॉन लिंडे यांचा विद्यार्थी. लिंडे हे शीतयंत्रांचे आचार्य. शिक्षण संपताच १८८० साली डिझेल पॅरिसला त्यांच्या बर्फाच्या कारखान्याच्या कामावर रुजू झाला. ज्याच्या एंजिनाचे पुढे थंडीशी वाकडे आले, त्याची उमेदीची वर्षे बर्फ करण्यात गेली, ही एक मौजच म्हणावयाची! पण त्याच्या मनाला टोचत होती ती उष्णतेची उधळपट्टी. त्या काळच्या वाफेच्या एंजिनात कोळशातील उष्णतेचा जेमतेम दहावा हिस्सा कामी येई. उरलेली धुराड्यातून आणि पाण्यातून निघून जाई.

सायकलमध्ये हवा भरताना पंपाचे बूड तापते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. डिझेलने हवा इतकी दाबावयाची ठरविली की, तिच्यात सोडलेले इंधन ठिणगीवाचून पेटावे. १८९३ साली ऑगस्बर्ग येथे पहिला प्रयोग झाला. पुढे चार वर्षे अपयशे पचवून, १८९७ च्या फेब्रुवारीत प्राध्यापक श्रोटर यांनी नव्या एंजिनाची रीतसर परीक्षा घेतली, तेव्हा उष्णतेपैकी २६ टक्क्यांहून अधिक भाग कामी आल्याचे दिसले.

थंडीतल्या तक्रारीचे मूळ या आकड्यातच आहे. जे एंजिन उष्णता वाया घालवीत नाही, त्याच्यापाशी स्वतःचे अंग शेकण्यापुरती तरी ती कोठून उरणार? त्यातून मोटार नुसती उभी असली म्हणजे तेलाचे अगदी थोडे थेंब आत जातात. हवा मात्र पूर्ण भरून घेतली जाते, कारण पेट्रोलच्या एंजिनाप्रमाणे येथे हवेचा मार्ग आवळलेला नसतो. ही जादा हवा आतली उष्णता घेऊन बाहेर पडते. म्हणून एंजिन तापविण्यासाठी ते तासभर उभ्याने चालू ठेवणारा चालक तेल तर जाळतोच, शिवाय अर्धवट जळालेले तेल वंगणात मिसळून एंजिनाची झीज वाढवितो. तेलाचा दाब नीट आल्यावर गाडी बेताच्या वेगाने हाकावी, हे उत्तम. रेडिएटरपुढे गोणपाट बांधण्याची जुनी युक्तीही खोटी नाही. फक्त एंजिन तापल्यावर ते सोडण्याचे विसरू नये.

डिझेलच्या मूळ एंजिनात तेल आत फुंकण्यासाठी दाबलेल्या हवेचे अवजड यंत्र लागे, त्यामुळे ते कारखान्यांत आणि जहाजांतच राहिले. १९१३ साली खुद्द डिझेल इंग्लंडला जाताना बोटीवरून नाहीसा झाला. आपले एंजिन मालमोटारीत बसलेले त्याला पाहावयास मिळाले नाही. तो योग १९२३-२४ साली आला. बेंझ कारखान्याने तेल आधी एका लहान कोठडीत पेटविण्याची रीत धरली. त्या कोठडीच्या गार भिंती उष्णता शोषून घेत, म्हणून सुरू करताना तापल्या तारेचा आधार लागे. ऑगस्बर्गच्या मान कंपनीने तेल थेट सिलिंडरात सोडले. असे एंजिन गारठ्यात सहज सुरू होते, पण भिंतींना कमी उष्णता मिळाल्यामुळे तापते मात्र आणखी सावकाश!

याच मान कंपनीच्या नमुन्यावरून १९५९ पासून जबलपूरला आपल्या लष्कराची 'शक्तिमान' गाडी तयार होऊ लागली, आणि हा प्रश्न आपल्याही घरचा झाला. लडाखमध्ये हिवाळ्यात पारा शून्याखाली वीस अंशांच्याही पलीकडे उतरतो. तेथे एंजिन तापण्याची गोष्ट दूरच, टाकीतले डिझेलच थिजते. आपल्याकडे पौषात खोबरेल थिजते, तसे डिझेलमधले मेण गोठून गाळण्या बुजतात. टाकीखाली जाळ करून ते पातळ करण्याचा जीवघेणा उपाय चालक करीत आले. २०१९ च्या नोव्हेंबरात इंडियन ऑइलने शून्याखाली ३३ अंशांपर्यंत न थिजणारे खास हिवाळी डिझेल तेथे उपलब्ध केले. टाकीखालच्या जाळाची गरज त्याने सरली. एंजिन तापण्यासाठी मात्र लेहच्या चालकाला पहिले काही मैल आजही सावकाशच काढावे लागतात.