वऱ्हाडच्या वाइंडरची वही आणि कॉइलचं गणित

वऱ्हाडात शेतातली मोटार जळते तेव्हा ती अभियंत्याकडे जात नाही, वाइंडरकडे जाते. अकोला-अमरावतीपासून अकोट, परतवाडा, वरूडपर्यंत मोटार रिवाइंडिंगची दुकानं दिसतात आणि त्यांत मुस्लिम कारागीरही पुष्कळ. उस्तादाच्या हाताखाली पोरगं लागतं. आधी जळकी तार उपसायला, मग वेढे मोजायला, शेवटी कॉइल भरायला. तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना ही माणसं ‘दुरुस्तीवाले’ म्हणून बाजूला ठेवली जातात. मला ते पटत नाही. कॉइलची गोष्ट मुळात हाताने तार गुंडाळणाऱ्यापासूनच सुरू होते.

29 ऑगस्ट 1831 रोजी लंडनमध्ये मायकल फॅरडेने एका लोखंडी कड्यावर समोरासमोर तांब्याच्या तारेच्या दोन गुंडाळ्या केल्या. एकीतला प्रवाह चालू किंवा बंद केला की दुसरीत क्षणभर वीज उमटायची. आजच्यासारखी इनॅमलची तार तेव्हा नव्हती, म्हणून वेढे एकमेकांना लागू नयेत यासाठी त्याने मध्ये सुतळी आणि कापड घातलं. फॅरडे लोहाराचा मुलगा; पुस्तकं बांधणाऱ्याकडे त्याने उमेदवारी केलेली, आणि गणित जेमतेम. ते गणित पुढे जेम्स क्लर्क मॅक्सवेलने दिलं. त्याचा ग्रंथ आला 1873 साली.

पण समीकरण हाती आलं म्हणून मोटारीचं गणित सुटत नाही. साध्या सरळ कॉइलसाठीसुद्धा जपानच्या हांतारो नागाओकाला 1909 मध्ये दुरुस्तीचे गुणांक काढावे लागले. मोटारीत तर खाचा आहेत, दात आहेत, स्टेटर आणि रोटर यांच्यात केसाएवढी फट आहे. आणि लोखंडाची एक खोड आहे : थोड्या प्रवाहाला ते भरपूर चुंबकत्व देतं, पण एका मर्यादेनंतर त्याचं पोट भरतं. मग प्रवाह वाढवला तरी चुंबकत्व फारसं वाढत नाही, फक्त उष्णता वाढते.

या खोडीवर उपाय निघाला तो तुकडे पाडण्यातून. मोटारीचा आडवा छेद हजारो बारीक त्रिकोणांत वाटायचा आणि प्रत्येक त्रिकोणाचं सोपं गणित संगणकाकडून सोडवून घ्यायचं. या पद्धतीचं बीज रिचर्ड कूरांटच्या 1943 च्या निबंधात आहे. पोट भरणाऱ्या लोखंडासाठी ती 1970 मध्ये पीटर सिल्व्हेस्टर आणि एम. व्ही. के. चारी यांनी वापरून दाखवली. (दुसरं नाव आपल्याकडचं वाटतं ना?) आता डेव्हिड मीकरचं ‘फेम’ नावाचं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि साध्या संगणकावर चालतं.

याचा अकोल्याच्या वाइंडरशी संबंध काय? संबंध आहे तो विजेच्या दाबाशी.

जिल्ह्यात पारसचं वीजकेंद्र साठच्या दशकापासून उभं आहे, पण लांबच्या रोहित्राच्या टोकाला असलेल्या विहिरीवर 415 व्होल्ट पोचतीलच असं नाही. समजा 340 पोचले. पंपाला पाणी तेवढंच उचलायचं असतं, म्हणून मोटार अंदाजे 22 टक्के जास्त प्रवाह ओढते. तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाने वाढते, म्हणजे ती जवळपास दीडपट होते. इन्सुलेशन करपतं, मोटार दुकानात येते.

यावर कारागिराचा जुना उपाय म्हणजे वेढे कमी, तार जाड. कमी दाबावर मोटार जोर धरते आणि शेतकरी खूश होतो. पण रात्री गावातला भार उतरतो, दाब पुन्हा चढतो. वेढे 10 टक्के कमी केले असतील तर पूर्ण दाबावर लोखंडातलं चुंबकत्व 11 टक्क्यांनी वाढायला हवं, आणि लोखंडाचं पोट तर आधीच भरत आलेलं. मोटार गुणगुणते, तापते आणि पुन्हा जळते. मग वाइंडरचं काम कच्चं म्हणून बोल लागतो. काम कच्चं नसतं. किती वेढे कमी केले म्हणजे दिवसाही निभेल आणि रात्रीही, हे केवळ अनुभवावर पुरतं ठरत नाही. दोन्ही दाबांवर लोखंड कुठे भरतं ते पाहावं लागतं. सॉफ्टवेअर नेमकं तेच रंगांत दाखवतं. अमरावतीचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय 1964 पासूनचं आहे. हे काम तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याच्या प्रकल्पाएवढंच आहे.

मात्र त्या विद्यार्थ्याला सॉफ्टवेअर आधी विचारेल : खाचा किती, एका खाचेत वेढे किती, तार कोणत्या गेजची, दाताची रुंदी किती? मोटारीवरच्या पाटीवर यातलं काही नसतं. तिथे अश्वशक्ती, व्होल्ट, अँपिअर आणि फेरे असतात. मूळ नकाशा कारखान्यात राहतो. वेढे आणि गेज मात्र वाइंडरने जळकी कॉइल कापून, मोजून, तांबं तोलून लिहून ठेवलेले असतात. ती वही कधी मराठीत असते, कधी उर्दूत. पानांना वॉर्निशचे डाग पडलेले असतात आणि कंपनीच्या नावापुढे फक्त आकडे असतात. उस्ताद गेला आणि पोराने मोबाइलचं दुकान टाकलं की ती रद्दीत जाते.