७० हजार डॉलर आणि २५ अब्ज डॉलर : भांडवलाच्या दोन कथा

१/ बाहेरचे भांडवल कंपनीला घडवते की पोखरते? हा वाद आजचा नाही. अमेरिकेच्या इतिहासातील दोन प्रकरणे पाहू. 🧵

२/ १९४६. बोस्टन येथे 'अमेरिकन रिसर्च अँड डेव्हलपमेंट' ही संस्था स्थापन झाली. हार्वर्डचे प्राध्यापक जॉर्ज डोरिओ तिचे सूत्रधार. बँका तारण मागत. ही संस्था मालकीत वाटा मागे.

३/ १९५७. केन ओल्सन आणि हार्लन अँडरसन या अभियंत्यांना तिने ७० हजार डॉलर दिले व सुमारे ७० टक्के वाटा घेतला. मेनार्ड गावातील लोकरीच्या जुन्या गिरणीत 'डिजिटल इक्विपमेंट' उभी राहिली. आधी इलेक्ट्रॉनिक सुटे भाग, मग संगणक.

४/ कंपनीचे समभाग बाजारात आले ते १९६६ मध्ये. तोवर नऊ वर्षे डोरिओ थांबले. १९७२ पर्यंत त्या वाट्याचे मूल्य ३५ कोटी डॉलरांपलीकडे गेले होते.

५/ आता दुसरे टोक. १९८९ मध्ये 'केकेआर'ने 'आरजेआर नाबिस्को' सुमारे २५ अब्ज डॉलरांना घेतली. बहुतांश रक्कम कर्जाची, आणि ते कर्ज चढले विकत घेतलेल्या कंपनीच्याच माथी. ते फेडण्यासाठी तिचे अनेक व्यवसाय विकावे लागले.

६/ मेनार्डच्या गिरणीत बुडाले असते, तर गुंतवणूकदाराचे बुडाले असते. नाबिस्कोत जोखमीचा मोठा भार कंपनीवरच पडला. म्हणून भांडवलाचा आकडा वाचताना एक प्रश्न अवश्य विचारावा : फेडणार कोण?